पहिली पेटी द्रवाची

"सुमित्रा, एवढंच सांग. सगळ्या रनमध्ये पहिली पेटी द्रवाची आणि दुसरी वाफेची. बरोबर ना?"

अत्तरदे सर दारातूनच विचारत होते. एका हातात प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शक कागदांची चळत, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन. माझ्या तोंडात घास होता आणि ताटलीत अर्धी भाकरी.

"सर, त्या जेवताहेत," फिरोज तडवी म्हणाला. आमच्याच संस्थेत कामाला असलेला तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

"दिसतंय मला. मी काय भाषण मागतोय?"

"तसं नाही सर. चातुर्मास आहे. त्या जेवताना बोलत नाहीत. बोलल्या की ताटावरून उठायचं. आणि दिवसाला जेवण एकच. म्हणजे आता उठल्या, तर थेट उद्या दुपारी. त्यात काल एकादशी झालीय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चार महिने हेच?"

"चार महिने. त्यापेक्षा आमचा रोजा परवडला सर. पोटात काही नसतं, पण बोलता तरी येतं."

"तू तर रोजा असला की जास्तच बोलतोस," सर म्हणाले. मग आवाज जरा उतरवून मला म्हणाले, "बरं बाई, नको बोलूस. नुसती मान हलव. पहिली पेटी द्रवाची?"

मी घास गिळला. ताटलीकडे पाहिलं. आणि मान हलवली.

"झालं!" सरांनी कागदावर खूण केली. "शुक्रवारी वाघुळदेला याच पेट्यांत बंद करतो की नाही बघ."

त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. मी उरलेली भाकरी संपवली, हात धुतले आणि सरांच्या खोलीपर्यंत गेले. ते फोनवर होते. खुर्ची मागे रेललेली, डोळे मिटलेले, आणि अंग हलेपर्यंत हसत होते. "हो, हो, तूच हवास. तू आला नाहीस तर मग मजा काय!" मी दाराशी थोडा वेळ थांबले आणि परत आले.

याला आता सत्तावीस वर्षं झाली.

आमची संस्था धुळ्याच्या बाहेर होती. एका ट्रस्टनं चालवलेली, लहानशी. पाच खोल्या, एक सभागृह आणि एक चांगलं संगणकाचं मशीन. त्या मशीनमुळेच मी अत्तरदे सरांकडे पीएचडीसाठी तिथे गेले. राहायला आत्याकडे होते. सकाळी तुळशीला पाणी, एकशे आठ वेळा नाम लिहायचं, देवाला नैवेद्य, मग बस. मला मोठ्यानं बोलायची सवय कधीच नव्हती. सर म्हणायचे, "पुराणिक बोलते तेव्हा पंखा बंद करावा लागतो."

काम असं होतं. घरच्या गॅसच्या टाकीत खाली द्रव असतो, वर वाफ असते. टाकी तापवत गेलं की द्रव विरळ होत जातो, वाफ दाट होत जाते, आणि एका तापमानाला दोघांत काही फरकच उरत नाही. ते तापमान प्रोपेनसाठी सत्त्याण्णव अंशांच्या आसपास आहे, हे लोकांनी खऱ्या प्रोपेनवर मोजलेलं आहे. आम्हाला ते संगणकातल्या प्रोपेनवर काढायचं होतं. त्यासाठी मशीनमध्ये दोन पेट्या असत. एका पेटीत रेणू दाटीवाटीनं भरायचे, तो द्रव. दुसरीत थोडेच ठेवायचे, ती वाफ. मग मशीन फासे टाकल्यासारखं करी. कुठला तरी रेणू उचलायचा, जरा हलवायचा, नाहीतर दुसऱ्या पेटीत टाकून पाहायचा. एक पेटी किंचित फुगवायची, तितकीच दुसरी आवळायची. जमलं तर ठेवायचं, नाहीतर परत जागेवर. अशा लाखो चाली. दर हजार चालींनी मशीन दोन्ही पेट्यांची दाटी लिहून ठेवायचं. एका तापमानाच्या अशा एका रनला चार-पाच दिवस लागत. शेवटी पहिल्या पेटीची सरासरी म्हणजे द्रव आणि दुसरीची म्हणजे वाफ. दोघांतला फरक तापमानागणिक कसा घटतो ते पाहून, तो कुठे संपेल याचा अंदाज बांधायचा. हा हिशेब मीच प्रोग्राममध्ये लिहिलेला होता.

आणि वाघुळदे म्हणजे जयवंत वाघुळदे. सहा वर्षांपूर्वी तो सरांचाच विद्यार्थी होता, सगळ्यांत लाडका. सरांचं मॉडेल भारी होतं. त्यात रेणूतला एकेक हायड्रोजन वेगळा धरलेला. त्यावर सरांची वीस वर्षं गेली होती. एका बैठकीत वाघुळदे उभा राहून म्हणाला, "सर, इतकं कशाला? प्रोपेन म्हणजे एका दोऱ्यात तीन मणी. तेवढं पुरतं." लोक हसले. सर हसले नाहीत. वाघुळदे नाशिकला गेला आणि तीन मण्यांचं मॉडेल चालवून त्यानं लेख छापला. त्याचं उत्तर सत्त्याण्णव आलं. अगदी खऱ्यासारखं.

सरांनी मला तेच तीन मणी चालवायला लावलं. माझं उत्तर नव्वद आलं.

"नव्वद!" सरांनी टेबलावर थाप मारली होती. "मग याचं सत्त्याण्णव आलं कुठून? उत्तर आधीच ठाऊक होतं, तिथे आकडे नेऊन बसवले गड्यानं."

शुक्रवारी अकराला ते हेच बोलणार होते. खानदेशातल्या सगळ्या कॉलेजांतून प्राध्यापक यायचे होते आणि वाघुळदेला पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं होतं. त्याला फक्त "ये, तुझ्याच विषयावर बोलतोय" एवढंच कळवलं होतं. आकडे चुकले म्हटलं तर माणूस दुरुस्त करतो. आकडे बसवले म्हटलं, तर आमच्या धंद्यात तो डाग आयुष्यभर पुसत नाही.

मी मान हलवली तो बुधवार होता. त्याच दुपारी सर ट्रस्टच्या बैठकीसाठी मुंबईला निघाले. परत येणार होते ते थेट शुक्रवारी सकाळी. जाता जाता मला म्हणाले, "एखाद्या रनचा छानसा आलेख काढून ठेव. पेट्या कशा शांत बसतात ते दिसू दे लोकांना. नुसता शोभेला."

मी सदुसष्ट अंशांचा रन काढला. आमचा प्रिंटर टकटक करत लांबच लांब कागद ओढायचा. पहिल्या पेटीसाठी तो १ छापायचा, दुसरीसाठी २; दाटी जितकी जास्त, तितका आकडा उजवीकडे. एकांची रांग उजवीकडे, दोनांची डावीकडे, दोन्ही सरळ खाली. देवळापुढच्या दीपमाळांसारख्या उभ्या.

"झकास," फिरोज म्हणाला. "हाच लावा. झालं तुमचं काम."

मी सत्त्याहत्तरचा काढायला घातला.

"सर तर एकच म्हणाले होते ना?"

"असंच," मी म्हटलं.

सत्त्याहत्तरही सरळ होता. मग सर्वांत वरचा, सत्त्याऐंशीचा. फिरोज घरी निघून गेला होता. प्रिंटरनं पहिली दोन पानं ओढली. एक उजवीकडे, दोन डावीकडे. तिसऱ्या पानावर रांगा जरा डुलायला लागल्या. चौथ्यावर जवळ आल्या. पाचव्यावर एक आणि दोन एकमेकांत असे मिसळले की कुठला कोण ते कळेना, आणि सहाव्या पानावर दोन उजवीकडे होता. फुगडीत दोघींनी जागा बदलाव्यात तसा. तिथून पुढे पाच पानं तो उजवीकडेच होता. मग पुन्हा एक अदलाबदल.

मी उभ्यानं पाहत होते, ती खाली बसले.

पहिली पेटी द्रवाची, हे आम्ही ठरवलं होतं. रेणूंना ते कुणी सांगितलं नव्हतं. तापमान इतकं वर गेलं की द्रवात आणि वाफेत फरक थोडा उरतो, आणि मग दोन्ही पेट्या आपापल्या भूमिका बदलून टाकतात. माझा प्रोग्राम मात्र डोळे मिटून पहिल्या पेटीतलं सगळं द्रवात टाकत होता. बराच वेळ तिथे वाफ होती, तीही द्रवात. दोन्ही सरासऱ्या त्यामुळे मध्ये सरकल्या होत्या. जणू द्रव आणि वाफ लवकरच एक व्हायला आलीत.

गुरुवारी दिवसभर मी दुसरं काही केलं नाही. बेरीज नव्यानं केली. दर नोंदीत जास्त दाटीची पेटी ती द्रवाची, मग तिचा नंबर काही का असेना. ब्याऐंशी अंशांच्या रनमध्येही तेच झालेलं निघालं. चार वाजता उत्तर आलं, तेव्हा फिरोज माझ्या मागेच उभा होता.

"किती?"

"शहाण्णव."

तो सरळ सरांच्या खोलीत गेला, मी मागोमाग. त्यानं सरांच्या टेबलावरच्या पारदर्शक कागदांकडे पाहिलं. सगळ्यांत वरच्यावर मोठ्या लाल अक्षरात नव्वद लिहिलं होतं आणि त्याखाली प्रश्नचिन्ह करून 'सत्त्याण्णव कुठून आले?'

"ताई, सरांचा मुंबईचा नंबर आहे?"

"बहिणीकडे उतरतात. तिथे फोन नाही."

"मग उद्या सकाळी. सर आल्या आल्या." जरा थांबून तो म्हणाला, "जोशी आठवतो का? तुमच्या आधी होता तो. त्यानं सरांना सांगितलं होतं, तुमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे म्हणून."

"पुढे?"

"पुढे काय. आता शहाद्याला मेडिकलचं दुकान आहे त्याचं. चांगलं चालतंय म्हणतात."

त्या संध्याकाळी मी सांजवात लावली आणि तशीच देवापुढे बसून राहिले. आत्या वाती वळत होती.

"काय गं सुमे, तोंड उतरलंय. उपास बाधला का?"

"नाही गं."

"मग?"

"एकाचं वाईट होणार आहे, आत्या. माझ्यामुळे. आणि ते थांबवलं तर दुसऱ्याचं होईल."

आत्यानं वात खाली ठेवली. तिला मशीनमधलं काही ठाऊक नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही. "घास अडकला तर माणूस पाणी पिऊन गिळतो, नाहीतर थुंकून टाकतो. गालात धरून किती वेळ बसणार? उद्याचं उद्या करशील ना?"

"करीन."

"मग आता नाम लिही. आज राहिलंय तुझं."

मी एकशे आठ वेळा लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

शुक्रवारी दहाला मी कागदाची ती लांब पट्टी गुंडाळून पोटाशी धरली आणि सरांच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं, सर एकटे असतील. खुर्चीत वाघुळदे बसलेला होता. मी त्याला प्रथमच पाहत होते. मोठ्या खांद्यांचा, केस लवकर पांढरे झालेला, हातात चहाची बशी. सकाळच्या नाशिक गाडीनं आला होता. त्यानं सरांसाठी चिवड्याचं पुडकं आणलं होतं आणि ते टेबलावर न सोडलेलं पडलं होतं.

"ये ये," सर म्हणाले. प्रवासानं डोळे लाल होते, पण अंगावर नवा शर्ट होता. "वाघुळदे, ही सुमित्रा पुराणिक. तुझे तीन मणी हिनंच चालवले. पाच वर्षांत आवाज चढवून बोलली नाही, पण काम चोख."

"नमस्कार," वाघुळदे म्हणाला. "मण्यांनी त्रास नाही ना दिला?"

"सर," मी म्हटलं, "एक मिनिट बाहेर येता का?"

"इथेच बोल. याच्यापासून काय लपवायचंय? उलट यालाच दाखवायचंय."

"मी थांबतो बाहेर," वाघुळदे उठायला लागला.

"बस. पळतोस कशाला? पळायला अकरानंतर भरपूर वेळ आहे."

वाघुळदे हसून परत बसला. त्याला वाटलं, सर चेष्टा करताहेत.

"सर, आपले आकडे चुकलेत."

"काय?"

मी नेहमीच्याच आवाजात बोलले होते. पंखा चालू होता. मी पुढे होऊन पंख्याचं बटण बंद केलं आणि पुन्हा म्हटलं, "आपले आकडे चुकलेत, सर. नव्वद नाही. शहाण्णव."

पट्टी टेबलावर उलगडली. चिवड्याचं पुडकं बाजूला सारावं लागलं. सरांनी चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. पाचव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. सहाव्यावरचा दोन त्यांनी बोटानं दाबून धरला, जणू तो तिथून उठून मूळ जागी जाईल. खोलीत पंख्याचीही घरघर नव्हती. सरांच्या मानेवर घाम आला. मला शहाद्याचं मेडिकलचं दुकान दिसायला लागलं.

"ब्याऐंशीला?"

"तिथेही."

"सत्त्याहत्तरला?"

"नाही सर. खाली सगळं सरळ आहे."

"बुधवारी मी तुला विचारलं होतं. नेमकं हेच विचारलं होतं."

मी तोंड उघडलं, पण दारातून फिरोजच बोलला. तो प्रोजेक्टर उचलून उभा होता. "सर, त्या जेवत होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. तुम्हीच म्हणालात, नुसती मान हलव."

सर त्याच्याकडे बघत राहिले. "हो," ते सावकाश म्हणाले. "मीच म्हणालो. जेवणाऱ्या माणसाच्या ताटाशी जाऊन मीच होय-नाही मागितलं." मग त्यांनी पट्टीचं टोक उचलून टेबलापलीकडे धरलं. "बघ रे."

वाघुळदेनं पट्टी हातात घेतली. त्यानं पहिली पानं पाहिलीच नाहीत. सरळ शेवटची काढली, नजर फिरवली आणि मान खाली घातली. त्याला आधी ठाऊक असलेली गोष्ट तो पुन्हा पाहत होता, हे माझ्या लक्षात आलं. पण त्याचं लक्ष तेवढ्यात टेबलावरच्या पारदर्शक कागदाकडे गेलं होतं. लाल अक्षरांकडे. तो ते वाचत होता.

अकराची घंटा झाली. सर उठले, कागदांची चळत घेतली आणि सभागृहाकडे चालू लागले.

सभागृहात पन्नास माणसं होती. मी मागच्या भिंतीशी उभी राहिले, बसवेना. फिरोजनं प्रोजेक्टर लावला. सर पुढे आले. त्यांनी चळत टेबलावर उपडी ठेवली.

"मंडळी," ते म्हणाले, "मी आज इथे एका माणसाला खोटा ठरवायला उभा राहणार होतो. तयारी चांगली केली होती. शर्टसुद्धा नवा आहे. पण तासाभरापूर्वी कळलं की माणूस खरा आहे आणि मी कच्चा आहे. तेव्हा आता तुम्हाला माझी चूक सांगतो. ती चांगली चूक आहे. तुमच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असेल, तर त्याचे सहा महिने वाचतील."

आणि त्यांनी माझी पट्टी प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवली. साध्या कागदातून उजेड जाईना. पडद्यावर नुसती काळी सावली पडली. लोक कुजबुजले. सरांनी मग फळ्यावर खडूनं दोन पेट्या काढल्या आणि तासभर शिकवलं. पाच वर्षांत मी त्यांना तसं शिकवताना पाहिलं नव्हतं.

शेवटी कुणी प्रश्न विचारण्याआधी पहिल्या रांगेतून वाघुळदे उठला.

"सर, मला एक सांगायचंय. पेट्या जागा बदलतात हे मला माहीत होतं. मीही तीन महिने त्यातच अडकलो होतो. माझंही उत्तर आधी नव्वदच्या आसपास आलं होतं." लोक हसले. "लेखात मी ते लिहायला हवं होतं. एक ओळ पुरली असती. लाजेनं लिहिली नाही. आपण इतके दिवस ठार आंधळ्यासारखं वागलो, हे कुणाला कशाला कळू द्या, असं वाटलं. ती एक ओळ लिहिली असती, तर पुराणिक मॅडमचे सहा महिने वाचले असते. आणि तुमचा नवा शर्ट."

सरही हसले. माझ्या पाठीमागची भिंत मला पहिल्यांदा गार लागली. तोवर मी तिला किती घट्ट टेकले होते, तेही मला कळलं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बाहेर व्हरांड्यात चहा झाला. प्राध्यापक मंडळी पांगली. आम्ही चौघे उरलो. सरांनी चिवड्याचं पुडकं सोडलं होतं आणि फिरोजपुढे धरलं होतं. वाघुळदे खुशीत होता.

"म्हणजे मला आज मौनव्रतानं मारलं असतं तर!" तो म्हणाला. "सर, आता भिंतीवर एक तक्ता लावा. कुणाचं कुठलं व्रत, कुठल्या वारी. काही विचारायचं तर आधी पंचांग पाहायचं."

"लावायलाच हवा," सर म्हणाले. "चातुर्मासात लेख पाठवणं बंद."

"रमजानात माझ्याकडून सह्या घेत जा," फिरोज म्हणाला. "भुकेपोटी मी कशावरही करतो."

सगळे हसले. मलाही त्यांनी हसण्यात घेतलं होतं. कुणी मला बोल लावत नव्हतं. बोल व्रताला लागला होता, आणि व्रत काही उलट उत्तर देत नाही. मी गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"व्रताचा दोष नाही," मी म्हटलं.

सर म्हणाले, "अगं, चेष्टा चाललीय."

"हो सर. पण व्रताचा दोष नाही. माझा आहे. मला शंका होती."

व्हरांड्यात पंखा नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"कसली शंका?"

"सत्त्याऐंशीचा रन चालू असताना एकदा पडद्यावर आकडे उलटे दिसले होते. दुसरी पेटी दाट दिसली होती. मला वाटलं, मी वाचण्यात चुकले. मग पाहायचं राहून गेलं. बुधवारी तुम्ही विचारलंत, तेव्हा तेच आठवलं. मला मान हलवायची नव्हती. 'थांबा' म्हणायचं होतं. ताटावरून उठले असते तर म्हणता आलं असतं. व्रतानं मला अडवलं नव्हतं. व्रतात उठायची मुभा आहे. उपाशी राहायचं, एवढंच." मी थांबले नाही. "आदल्या दिवशी एकादशी झाली होती. मला फार भूक लागली होती, सर. भाकरी अर्धी उरली होती. म्हणून मी मान हलवली."

फिरोजचा चिवड्याचा हात तसाच वर राहिला.

"आणि भाकरी संपल्यावर?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न चुकवता येण्यासारखाही नव्हता.

"हात धुऊन तुमच्या दाराशी आले होते. सांगायलाच आले होते. तुम्ही फोनवर हसत होता. पाच वर्षांत तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आत्ता नको. आधी नीट खात्री करून घेऊ. मी परत गेले. मग तुम्ही मुंबईला निघालात, तेव्हाही बोलले नाही."

सर वाघुळदेकडे वळले. "मी हसत होतो?"

"खूप," वाघुळदे म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली होती. "सहा वर्षांत तुमचा एक फोन नाही. आणि बुधवारी फोन येतो आणि तुम्ही हसताय. तूच हवास म्हणताय. मी बायकोला सांगितलं, सरांचा राग गेला. म्हणून तर चिवडा घेऊन आलो."

"अरे, मी तुला फाडायला बोलावलं होतं."

"ते आल्यावर कळलं, सर. ती लाल अक्षरं वाचल्यावर."

सरांनी चष्मा काढला. नव्या शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, बराच वेळ पुसल्या. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. बुधवारपेक्षा मोठ्यानं, आणि ज्याला फोनवर हसले होते त्याच्याच खांद्यावर हात टाकून. आधी फिरोजला आवरेना, मग वाघुळदेला.

मी तशीच उभी होते. माझा निकाल अजून लागायचा होता. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि तोंडी परीक्षेत बघतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"पुराणिक, कसली भाकरी होती गं ती?"

"दादर ज्वारीची," मी म्हटलं.

"बरोबर काय?"

"शेंगदाण्याची चटणी. वर कच्चं तेल."

सरांनी मान हलवली. अगदी गंभीरपणे, दोनदा.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "त्यापुढे माझा प्रोपेन काय टिकणार!"